जुनी इमारत, बदलत्या गरजा : मुंबईतल्या चाळी आणि सोसायट्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगाव, लालबाग, डोंगरी, दादर, माटुंगा इथल्या चाळी आणि साठ-सत्तरच्या दशकात उभ्या राहिलेल्या सोसायट्या टिकवायच्या ठरल्या, तर नुसत्या रंग-प्लास्टरने भागत नाही. उकाडा वाढला आहे, घरातली माणसे आणि त्यांची कामे बदलली आहेत, वयस्कर मंडळी चौथ्या मजल्यावर अडकून पडली आहेत. अशा इमारतीत काम काढणाऱ्या कमिट्यांना आणि रहिवाशांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरे.

परिस्थितीनुसार बदलणारी इमारत म्हणजे नेमके काय?

त्यात दोन गोष्टी येतात. पहिली, ऊन, वारा, पाऊस बदलला की इमारतीचे बाहेरचे अंग त्याप्रमाणे उघडता-मिटता आले पाहिजे. दुसरी, घराचा वापर बदलला की बीम-कॉलमला हात न लावता आतली मांडणी बदलता आली पाहिजे. डच वास्तुविद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ मध्ये हे सूत्र मांडले : सांगाडा सगळ्यांचा आणि दीर्घायुषी, आतला भराव ज्याचा त्याचा आणि बदलता येणारा.

मुंबईला यातले बरेच काही जुनेच आहे. लाकडी पट्ट्यांच्या झडपा, सलग गॅलरी, मधला चौक, खिडकीवरचा लांब छज्जा या सगळ्या हवामानाला उत्तर देणाऱ्याच गोष्टी. गेल्या काही दशकांत आपण गॅलऱ्या बंद केल्या, झडपा काढून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या, चौकात पत्रे टाकले. त्यामुळे जुन्या इमारतीत काम काढताना निम्मे काम हे बुजवलेले पुन्हा मोकळे करण्याचे असते. नवे यंत्र त्यानंतर.

सुरुवात कुठून करायची?

स्ट्रक्चरल ऑडिटपासून. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षे उलटलेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून करून घेणे बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे.

निष्कर्ष चार वर्गांत येतो. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रहिवासी न हलवता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या पानावरचे जवळपास सगळे सी-२बी आणि सी-३ साठी आहे, आणि नीट टेकू देता आले तर सी-२ए साठी. दोन अहवालांत वर्ग वेगळा आला, तर वाद महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे नेता येतो.

ऑडिटच्या अहवालात काय पाहायचे? आकडे कळत नाहीत.

रिबाउंड हॅमरच्या (काँक्रीटवर ठोकून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणाऱ्या हातोड्याच्या) आकड्यांनी हुरळून जाऊ नका. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असतो, त्यामुळे हॅमर खरी ताकद असते त्यापेक्षा जास्त दाखवतो. साठ वर्षांच्या इमारतीचा अहवाल फक्त हॅमरवर बेतला असेल, तर तो अपुरा आहे असेच समजा.

अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट बरे, ३ च्या खाली असेल तर शंकास्पद. हाफ-सेल चाचणी सळईच्या गंजाचा अंदाज देते : कॉपर-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे २०० मिलिव्होल्टपेक्षा सौम्य आकडा असेल तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे ३५० च्या पलीकडे गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी चाचणी फिनॉल्फ्थॅलिनची. काँक्रीट फोडून ताज्या भागावर हे द्रावण फवारले की जिथे अल्कधर्म शिल्लक आहे तिथे ते गुलाबी होते. बिनरंगी राहिलेला थर सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईचे संरक्षण संपले, मग वरून प्लास्टर कितीही गुळगुळीत दिसो. जुन्या स्लॅबला सळईखाली जेमतेम १५-२० मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, असते, त्यामुळे ही वेळ लवकर येते. चाचणी होताना कमिटीतल्या कोणीतरी स्वतः उभे राहून पाहावे आणि जागेचा फोटो काढावा.

क्लोराइडची, म्हणजे मिठाची, चाचणी मुद्दाम मागा. समुद्राच्या वाऱ्यामुळे तर मीठ येतेच, पण एका काळात न धुतलेली खाडीची रेतीही बांधकामात वापरली गेली. मीठ काँक्रीटच्या पोटातच असेल, तर वरवरचा उपचार फार दिवस टिकत नाही.

दुरुस्ती केली, तीन पावसाळ्यांत पुन्हा खपल्या पडल्या. असे का होते?

बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असते.

गंजलेली सळई पूर्ण उघडी केलेलीच नसते. समोरचा भाग ब्रशने घासून मोर्टार थापला जातो, मागची बाजू तशीच गंजत राहते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होते आणि तोच नवा थर आतून ढकलून फोडतो. सळईच्या मागे किमान २०-२५ मिलिमीटर मोकळी जागा होईल इतके काँक्रीट काढावे, बोट मागून फिरले पाहिजे. लांबीच्या दिशेने चांगली स्वच्छ सळई दिसेपर्यंत जावे.

दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. एका ठिकाणी नवा, अल्कधर्मी मोर्टार भरला की त्या भागातली सळई सुरक्षित होते, पण शेजारच्या जुन्या, मीठ असलेल्या काँक्रीटमधली सळई आता जास्त वेगाने गंजू लागते. म्हणून ठिगळाच्या कडेने नव्या खपल्या निघतात. क्लोराइड जास्त असेल तिथे ठिगळाच्या परिघावर झिंकचे अ‍ॅनोड सळईला बांधून बुजवतात. आधी झिंक झिजते, सळई वाचते.

तिसरे कारण म्हणजे सळईचे माप न घेणे. १२ मिलिमीटरची सळई गंजून १० राहिली, तर डोळ्याला थोडा फरक दिसतो, पण तिचे क्षेत्रफळ ३० टक्क्यांनी घटलेले असते. अशा ठिकाणी नवी सळई जोडल्याशिवाय काँक्रीट भरणे म्हणजे कमकुवत बीमला नवा रंग देणे. व्हर्निअर कॅलिपरने माप घेऊन नोंदवहीत लिहायचे, मग इंजिनीअरने सही करायची, मगच बुजवायचे. टेंडरमध्ये ही अट शब्दांत लिहून घ्या.

मोर्टार कुठला, हेही भरायचा खड्डा किती खोल आहे त्यावर ठरते. उथळ भागाला पॉलिमर मॉर्टार, एका वेळी १०-१२ मिलिमीटरचा थर. ५० मिलिमीटरच्या पुढे साचा लावून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचे पातळ काँक्रीट) ओतायचे. कॉलमला आरसीसी जॅकेट, म्हणजे भोवती नवे आरसीसीचे आवरण, करायचे तर प्रत्येक बाजूने साधारण १०० मिलिमीटर वाढ धरा. जागाच नसेल तर कार्बन फायबर गुंडाळतात, मात्र त्याआधी कॉलमचे कोपरे २०-२५ मिलिमीटर त्रिज्येने गोल करावे लागतात, नाहीतर फायबर कोपऱ्यावरच तुटते. शिवाय त्याचा गोंद १०० अंशांच्या आतच मऊ पडतो, म्हणून त्यावर अग्निरोधक लेप हवाच.

आमची चाळ आरसीसी नाही. विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया आहेत. तिला हेच लागू पडते का?

नाही. तिथे भिंतच भार वाहते. मधली भिंत काढून दोन खोल्यांचा हॉल करण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळून १७ जण दगावले, तेव्हा तळमजल्यावर चालू असलेल्या फेरबदलांकडेच बोट दाखवले गेले. ती चाळ नव्हती, पण खालच्या मजल्यावर भार वाहणाऱ्या भागाला हात लागला की काय होते, याची आठवण प्रत्येक कमिटीने ठेवावी.

लाकडाचा शत्रू ओल. ओलाव्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर राहिले की कूज धरते. दोन टोच्यांचा मीटर स्वस्तात मिळतो. त्याने तुळईचे भिंतीत शिरलेले टोक तपासा, कारण मध्यभाग ठणठणीत आणि टोक भुसा झालेले, असेच बहुधा सापडते. टोक कापून त्या जागी दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल बोल्टने जोडता येतात. पूर्ण तुळई बदलण्याची गरज पडत नाही. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा लावू नका. आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि ती लाकडाकडे वळते. चुन्याचाच गिलावा करा, गवंडी शोधायला वेळ लागला तरी.

आणि घरगल्ली (इमारतींमागची अरुंद गल्ली) साफ ठेवा. मागच्या भिंतीतून पिंपळ उगवतो तो तिथल्या फुटक्या पाइपाच्या पाण्यावर.

आतली मांडणी बदलायची आहे. वजनाचा हिशेब कसा करायचा?

घराच्या स्लॅबवर चलभार (माणसे, सामान यांचे वजन) म्हणून चौरस मीटरला साधारण २०० किलो धरलेले असतात, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो. आता हे पाहा : साडेचार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर, ३ मीटर उंच, तर तिचे वजन दर धावत्या मीटरला सुमारे ८०० किलो होते. तीच भिंत १०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) केली तर निम्म्याहून खाली येते. पत्र्याच्या सांगाड्यावरचा बोर्ड पार्टिशन केला तर १५० किलोच्या आत. खाली बीम नसताना विटांची भिंत उभी करणे हा जुन्या इमारतीत सर्वात जास्त केला जाणारा अपराध आहे.

कोरडे पार्टिशन उलगडता येते, हा त्याचा दुसरा गुण. मूल मोठे झाले, घरून काम सुरू झाले, आजी राहायला आली, तर ते हलवता येते. वायरिंग त्या भिंतीत गाडू नका. स्कर्टिंगच्या उंचीवर उघडता येणारी पट्टी फिरवा, म्हणजे भिंत हलली तरी वीज हलवावी लागत नाही.

राहत्या जागेचे ऑफिस, क्लास किंवा वाचनालय करायचे असेल तर आधी इंजिनीअरला विचारा. पुस्तकांच्या रॅकसाठी चौरस मीटरला ६०० किलो धरावे लागतात, घरापेक्षा तिप्पट.

खिडक्यांचे काय? उकाडा सहन होत नाही आणि पावसाळ्यात उघडताही येत नाहीत.

इथे थोडे थांबून विचार करा, कारण याच एका कामातून घराला सगळ्यात जास्त फरक पडतो.

इको निवास संहितेप्रमाणे (घरांसाठीच्या केंद्राच्या ऊर्जाबचत नियमावलीप्रमाणे) मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणारी खिडकी चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के हवी. १८० चौरस फुटांच्या खोलीला ३० चौरस फूट. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही मोठी केली तरी उघडते निम्मीच. जुनी दोन फळ्यांची झडप जवळपास पूर्ण उघडायची. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही झडप काढून सरकती काच बसवली, त्या दिवशी त्याच भोकातून येणारा वारा निम्मा केला. पुन्हा बाजूला उघडणारी फळी बसवा, किंवा किमान वरच्या भागात फिरणारी पट्ट्यांची झडप ठेवा. वरून तापलेली हवा रात्रीही निघून जाते.

ऊन अडवायचे तर दिशा पाहा. दक्षिणेच्या ४ फूट उंच खिडकीला दीड ते दोन फुटांचा छज्जा बऱ्यापैकी पुरतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा तिथे ऊन येतच नाही. पश्चिमेला मात्र छज्जा हतबल आहे. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास त्याच ४ फुटी खिडकीला पूर्ण सावली द्यायची तर छज्जा सात फुटांहून लांब लागेल. म्हणून पश्चिमेला खिडकीच्या बाहेर, भिंतीपासून थोडी पुढे सरकती किंवा उभ्या कडेने फिरणारी पट्ट्यांची झडप हवी. आतला पडदा उजेड अडवतो, पण उष्णता काचेच्या आत येऊन बसलेली असते.

पावसाचा मारा मुख्यत्वे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून. झडपेच्या पट्ट्या बाहेर खाली झुकलेल्या, ४५ अंशांच्या आसपास, आणि एकमेकींवर १५-२० मिलिमीटर चढलेल्या हव्यात. खालच्या रुळाला पाणी निघायला भोके ठेवा. ती नसली की रुळात पाणी साचते, कचरा कुजतो आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर झडप सरकेनाशी होते. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच विसरू नका. तिच्याअभावी पाणी उलटे वळून भिंतीत मुरते.

अ‍ॅल्युमिनियमच्या झडपेला साध्या लोखंडी स्क्रूने बसवू नका. खाऱ्या हवेत दोन धातूंच्या स्पर्शात अ‍ॅल्युमिनियम झिजते. समुद्राजवळ ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील आणि मध्ये नायलॉनची चकती वापरा. ३०४ दर्जाच्या स्टीलवर तिथे तांबूस डाग पडतात. सोसायटीने एकच नमुना, एकच माप ठरवून द्यावे, म्हणजे सुटे भाग मिळत राहतात आणि इमारतीचा चेहराही बिघडत नाही.

मोटरवर चालणाऱ्या झडपा किंवा आपोआप हलणारा दर्शनी भाग बसवावा का?

राहत्या जुन्या इमारतीत नको, असे आमचे ठाम मत आहे. पॅरिसच्या आँस्तित्यू द्यु माँद अराब (अरब जगताची संस्था) या १९८७ च्या इमारतीत प्रकाशानुसार उघडमीट करणाऱ्या २४० झडपा होत्या. कल्पना अप्रतिम, पण त्यांची यंत्रणा वारंवार बंद पडत राहिली आणि पुढे तिची मोठी दुरुस्ती करावी लागली. अबू धाबीच्या अल बहर टॉवर्समध्ये २०१२ पासून छत्र्यांसारखे पडदे उन्हाबरोबर उघडतात-मिटतात. तिथे देखभालीसाठी पगारी फौज आहे. आपल्याकडे पाण्याचा पंप बंद पडला तर सेक्रेटरीला दोन दिवस फोन करावे लागतात. त्यात कबुतरे झडपेच्या खोबणीत घरटी करतात, आणि मीठ मोटरीच्या बेअरिंगमध्ये शिरते.

हाताने चालणारी झडप माणूस स्वतः पावसाचा अंदाज घेऊन फिरवतो, आणि बिघडली तर सुतार दुरुस्त करतो. मोटर ठेवायचीच तर एकाच ठिकाणी : जिन्याच्या वरच्या टोकाला, जिथे कोणाचा हात पोचत नाही. तिथलीही झडप वीज गेल्यावर उघडी राहील अशीच निवडा.

प्रत्येक घरात संडास आणि इमारतीला लिफ्ट हवी आहे. जुन्या सांगाड्याला झेपेल का?

सांगाड्यावर टाकूच नका. बाहेर स्वतःच्या पायावर उभा असलेला वेगळा मनोरा बांधा, त्यात लिफ्ट, पाणी, सांडपाणी, वीज आणि जमल्यास संडास-मोऱ्या.

कारण पाहा. खोलीत संडास घ्यायचा म्हणून १ फूट विटांचा कोबा भरला, तर चौरस मीटरला ४०० किलोहून जास्त भार त्या स्लॅबवर कायमचा चढतो. खालच्या घरात गळती सुरू होते ती वेगळी, आणि पाइप शोधायला दर वेळी लादी फोडावी लागते. बाहेरच्या मनोऱ्यात पाइप उघडे असतात, चावीने दार उघडले की समोर.

फ्रान्समधल्या बोर्दोच्या ग्राँ पार्क वसाहतीत हीच दिशा मोठ्या प्रमाणावर घेतली गेली. साठच्या दशकातल्या तीन इमारतींतल्या ५३० घरांना बाहेरून ३.८ मीटर पुढे येणारा नवा थर जोडला, रहिवासी घरातच राहिले. लाकातों आणि वासाल व त्यांचे सहकारी वास्तुविद यांच्या या कामाला २०१९ मध्ये युरोपीय महासंघाचा वास्तुरचनेसाठीचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला. ती थंड प्रदेशातली इमारत. आपल्याकडे त्याच जागी काचेऐवजी झडपा आणि मोकळी गॅलरी हवी.

आता अडचणी. जुना पाया भिंतीच्या बाहेर पायऱ्यापायऱ्यांनी पसरलेला असतो. आधी दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन तो किती पुढे आणि किती खोल आहे ते मोजा. लिफ्टचा खड्डा त्याच्या खाली गेला तर जुनी भिंत खचते. भरावाच्या किंवा काळ्या चिकणमातीच्या जमिनीवर मायक्रोपाइल (जमिनीत खोल नेलेले बारीक व्यासाचे खांब) हा सुरक्षित मार्ग. मनोरा आणि इमारत यांच्यात इंजिनीअर सांगेल तेवढा मोकळा सांधा ठेवा आणि वर झाकणपट्टी, पक्के जोडू नका. नवा पाया थोडा बसणारच, जुना आधीच बसून झाला आहे. चार माणसांची लिफ्ट २७२ किलोची, सहा माणसांची ४०८ किलोची. जागा असेल तर सहाचीच घ्या. लिफ्टचा परवाना राज्याच्या लिफ्ट निरीक्षकांकडून वेगळा घ्यावा लागतो.

सेन्सर बसवून इमारतीवर लक्ष ठेवता येते का?

येते, आणि फार खर्चही नाही. जुनी पद्धत म्हणजे भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची. ती तडकली की भेग हलते आहे हे कळते, पण किती हे कळत नाही. त्याऐवजी दोन पट्ट्यांचा भेगमापक लावा. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी ठरावीक वेळी, आकडा लिहा, कारण उन्हाने भेग रोज उघडते-मिटते. किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा नोंदल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. त्याच्या पुढचा टप्पा म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर झुकाव मोजणारे सेन्सर, आणि शेजारी खोदकाम चालू असेल तर ते हवेतच.

फसते कुठे? बॅटरी संपते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. किंवा इशारा एका माणसाच्या फोनवर जातो आणि तो गावाला गेलेला असतो. किती आकड्याला कोणी कोणाला फोन करायचा आणि कधी घर सोडायचे, हे इंजिनीअरकडून लेखी घेऊन नोटीस बोर्डावर लावा. सेन्सर इमारत धरून ठेवत नाही.

पाण्याच्या टाक्यांचे लेव्हल कंट्रोलर मात्र डोळे मिटून बसवा. टाकी भरून वाहणे हे गच्चीच्या स्लॅबच्या दुखण्याचे फार साधे आणि फार मोठे कारण आहे.

गच्चीवर बाग, सोलर, पत्र्याची शेड यातले काय करावे?

माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलो चलभार धरतात. सहा इंच ओल्या मातीचे वजन २५० किलोच्या आसपास. म्हणजे बाग नाही, कुंड्या असतील तर बीम-कॉलमच्या डोक्यावर, मध्ये नाही.

सोलर पॅनेल सांगाड्यासकट हलके असतात, पण त्यांना उचलणारा वारा विसरू नका. मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. वॉटरप्रूफिंगला भोके पाडून बोल्ट ठोकले की गळती हमखास. पाया बीमवर ठेवा आणि वॉटरप्रूफिंग नंतर करा. एका किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. केंद्राच्या पीएम सूर्यघर या सोलर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे यांचे बिल त्यातून चांगलेच उतरते.

उकाड्यासाठी पांढरा चायना मोझॅक (चिनीमातीच्या लाद्यांच्या तुकड्यांचा थर) हा अजूनही उत्तम उपाय आहे. कोब्यावर कोबा चढवू नका. जुना काढल्याशिवाय नवा टाकला की दर वेळी काही टन वाढतात.

परवानग्या कोणाच्या लागतात?

प्लास्टर, लादी, रंग, पाइप बदलणे अशा साध्या दुरुस्तीला महापालिकेची मंजुरी लागत नाही. बीम-कॉलम, नवा मनोरा, वापर बदल यांना लागते. सुरुवात वॉर्डातल्या इमारत व कारखाने खात्यापासून करा. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी) इमारत असेल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जावे लागते. वारसा यादीतल्या इमारतीला मुंबई वारसा जतन समिती. ओव्हल मैदानाभोवतीचा परिसर २०१८ पासून जागतिक वारसा आहे, तिथे झडपेचा रंगही मनाने ठरवता येत नाही. पागडीच्या इमारतीत मालक आणि भाडेकरू दोघांची लेखी संमती आधी घ्या, टेंडर नंतर.

आगीचा विचार कसा करायचा?

लाकडी जिना असेल तर बाहेरच्या मनोऱ्यात लोखंडी किंवा आरसीसी दुसरा जिना घ्या, हे बाकी सगळ्याच्या आधी. प्रत्येक ग्रिलला आतून उघडणारे दार हवे. मीटरची खोली पुराच्या पातळीच्या वर न्या, प्रत्येक घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. दर्शनी भागाला प्लास्टिक गाभ्याचे अ‍ॅल्युमिनियम पॅनेल लावू नका. परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षेचा फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो.

रहिवासी घरात असताना काम कसे करायचे?

एका वेळी एक उभी लाइन घ्या : तळापासून वरपर्यंत एकाखाली एक येणारी घरे. टेकू चौथ्या मजल्यावर लावून तिथेच थांबवला, तर भार तिसऱ्याच्या स्लॅबवर येतो. टेकूंची रांग जमिनीपर्यंत, एकाखाली एक, खाली जाड फळी टाकून. कॉलमचे काम खालून वर न्या.

वेळापत्रक पावसावर बांधा. जून ते सप्टेंबर गळतीच्या जागा नकाशावर मांडा, नक्की कुठून येते ते तेव्हाच दिसते. गणपतीनंतर टेंडर, दिवाळीनंतर परांची, एप्रिलपर्यंत सांगाड्याचे काम संपले पाहिजे. मे महिना फक्त गच्ची आणि झडपांसाठी राखा. मेअखेरीस घाईत केलेले वॉटरप्रूफिंग पुढचा पावसाळाही पाहत नाही.

मग पुनर्विकास कधी चांगला?

सी-१ आला असेल, क्लोराइड सगळ्या सांगाड्यात पसरले असेल, किंवा बहुतेक कॉलमच्या सळया बदलाव्या लागणार असतील, तर टिकवण्याचा आग्रह धरू नका. १६० चौरस फुटांच्या खोलीत पाच माणसे राहत असतील आणि जागा वाढवायला बाजूला इंचभर मोकळे नसेल, तरीही. मात्र सांगाडा बरा आहे आणि फक्त बाहेरचे अंग बिघडले आहे, अशा इमारती मुंबईत खूप आहेत. त्या पाडण्याआधी कमिटीने दोन अंदाजपत्रके शेजारी ठेवावीत, आणि पुनर्विकासाच्या अंदाजपत्रकात वाढलेला मासिक मेंटेनन्स धरायला विसरू नये.

काम संपल्यावर कंत्राटदाराकडून काय घ्यायचे?

कुठल्या कॉलममध्ये कुठली सळई जोडली त्याचे रेखाचित्र, बुजवण्याआधीचे फोटो तारखेसह, वापरलेल्या मालाची बिले आणि बॅच क्रमांक, झडपांचे किमान दहा टक्के सुटे भाग, आणि पाइप-वायरींचा मजलावार नकाशा. शेवटचे बिल हे सगळे हातात आल्यावर आणि एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच द्या, त्यासाठी ५ ते १० टक्के रक्कम राखून ठेवण्याची अट करारात सुरुवातीलाच असू द्या. या कागदांची एक प्रत सोसायटीच्या कपाटात आणि एक इंजिनीअरकडे. कमिटी बदलते, कपाटाची किल्ली हरवते, आणि पुढच्या ऑडिटला नेमके हेच कागद लागतात.